टिलीचं हसू

कार्टूनच्या त्या स्टुडिओत प्रत्येक चित्रकाराच्या टेबलावर एक आरसा असे. त्यात बघून मोठी बापेमाणसं दिवसभर वेडीवाकडी तोंडं करत आणि तीच कागदावर उतरवत. हार्लन बीसलीला मात्र आरसा फारसा लागत नसे. तो माणसं बघायचा. स्टुडिओच्या फाटकावरचा म्हातारा गस एक पाय ओढत, मध्येच बारीकशी उडी मारत चाले. ती चाल हार्लनने आपल्या टिली शेळीला दिली. एप्रन आणि पांढरे हातमोजे घातलेली टिली पडद्यावर तशी चालली आणि लॉस एंजेलिसमधली थिएटरं हसून लोटपोट झाली.

"चाल ढापलीस लेका माझी," गस म्हणाला. "निदान बियर तरी पाज!"

हार्लनने पाजली. पुढच्याच आठवड्यात गस समोरून येताना दिसला. बागेच्या नळीचं पाणी वाटेवर साचलं होतं. गसने पाऊल लांब टाकलं नाही की आखूड टाकलं नाही, सरळ पाण्यातून आला. पाय ओढला, उडी मारली, टोपी डावीकडे कलली. पुन्हा तेच, पुन्हा तस्संच. मेहनत वाचवायला चालीची मोजकी चित्रं काढायची आणि तीच फिरवून फिरवून वापरायची, ही या धंद्याची रीत. हार्लनला आपली चित्रं ओळखू आली.

"गस, बूट भिजले की तुझे."

गसने खाली पाहिलं. "हो की," म्हणाला आणि तसाच पुढे गेला.

हार्लनच्या मनात पाल चुकचुकली. डोळे शिणले असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

त्याच दुपारी साहेब, म्हणजे ऑगी, येऊन टेबलावर बसला. "टिली चालते झकास. पण बाई हसत कशी नाही? शुक्रवारपर्यंत हसव तिला. नाहीतर टिली मी दुसऱ्या कुणाला देतो."

हसणं म्हणजे हार्लनच्या बायकोचं, नेलचं. एकदा हसली तशी ती पुन्हा कधी हसत नसे. "माझी सगळी सोंगं घे," तिने बजावलं होतं, "पण हसणं त्या शेळीला दिलंस, तर ताटात गवत वाढीन!"

गसचे भिजलेले बूट डोळ्यांपुढे असतानाच हार्लनने पेन्सिल उचलली. बारा चित्रं काढली. रोखलेला श्वास, हलणारे खांदे, मागे जाणारी मान, शेवटी तोंडावर हात. पाचवं बोट चित्रात गर्दी करतं, म्हणून हातमोज्याला नेहमीप्रमाणे अंगठा आणि तीनच बोटं. चित्रं सुरेख उतरली आणि त्याला आनंद झाला. पुढे त्या आनंदाचीच त्याला सर्वांत जास्त लाज वाटली.

थिएटरात टिली हसली तेव्हा शेजारी बसलेली नेल हसली नाही.

"ओळखीची वाटते," एवढंच म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं. हार्लनने तिच्याकडे बघितलंही नाही.

रविवारी सकाळी चर्चला जायचा काळा कोट घालून तो कॉफी पीत होता. नेल पावाचं पीठ मळत होती. रेडिओवर कुणीतरी विनोद केला. ती हसली. श्वास, खांदे, मान, हात.

लगेच पुन्हा हसली. तीच मान, तोच हात.

त्याने रेडिओ बंद केला.

"नेल, तू नको म्हणाली होतीस, तरी मी तुझं हसणं टिलीला दिलं. चुकलो मी."

ती त्याच्याकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले. श्वास रोखला गेला. खांदे हलले.

"नेल, पुरे."

मान मागे गेली.

"नेल!"

हात तोंडावर.

तो धावत गेला आणि त्याने तिला घट्ट मिठी मारली. त्याच्या छातीवर हात टेकून ती हळूहळू शांत झाली.

"असं काय करतोस वेड्यासारखं?" ती म्हणाली. "कोट झटक बरं. माझा पिठाचा हात लागलाय."

त्याने खाली पाहिलं. काळ्या कापडावर तिचा पंजा लख्ख उमटला होता.

अंगठा आणि तीन बोटं.