मागच्या सीटवरचं वजन

जुनी मोटरसायकल बघायला जायचं तर इंजिन थंडच असलं पाहिजे. मालकानं आधीच तापवून ठेवलं असेल तर दुखणं झाकून जातं. अजेयनं हे टॅक्सीतून उतरेपर्यंत इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी आभा म्हणाली, "मुलगी बघायला आल्यासारखं करतोयस. चहा तरी घेऊ देशील ना?"

बेहालातल्या त्या गल्लीत पोचेस्तोवर तिन्हीसांजा झाल्या होत्या. बँकेतून लवकर सुटका झाली नव्हती, आणि इथं थंडीत पाच वाजतात न वाजतात तोच दिवे लावावे लागतात. पुण्याहून कोलकात्याला बदली झाली तेव्हा आभा महिनाभर तोंड पाडून होती. तिची समजूत घालताना अजेयनं शब्द दिला होता, की मोटरसायकलनं तवांगला जाऊ, दोघंच. डोंगरातल्या त्या वाटांवर आभा त्याच्या भरवशावर मागे बसणार होती. म्हणून तर गाडीत एकही खोट नको होती. तिच्या केसाला धक्का लागला असता तर तो स्वतःला कधीच माफ करू शकला नसता.

गाडी दत्तात्रयकाकांच्या मुलाची. काका इथलेच, कोलकात्यातच जन्मलेले, मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली होती. "हर्षद आता बंगळूरला असतो," ते म्हणाले. "चालवत नाही हल्ली." आणि त्यांनी अंगणातल्या पत्र्याच्या शेडखालचं मेणकापड ओढून काढलं. ओलीचा आणि शिळ्या पेट्रोलचा वास आला. शेजारच्या घरात संध्याकाळचा शंख वाजला.

अजेयनं इंजिनवर तळहात ठेवला. थंडगार. पुढच्या फोर्कवर तेलाचा टिपूस नाही. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, कुठं अडकलं नाही. मग मागची सीट दोन्ही हातांनी दाबून सोडली. मागचा भाग एकदाच वर आला आणि जागेवर थांबला. शॉकअब्सॉर्बर उत्तम! सगळ्या गाडीवर बोटभर धूळ होती, फक्त मागे बसणाऱ्याचं डावं पायदान लख्ख होतं. कुणी पुसलं असेल, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

विमलकाकू आभाला चहाला आत घेऊन गेल्या. "काकू, आलं घाला हं," आभाचा आवाज आतून ऐकू आला.

"चक्कर मारून या," काका म्हणाले.

अजेयची एक सवय होती. आभा मागे नीट बसली का हे विचारल्याशिवाय तो क्लच सोडत नसे. मित्र त्यावरून त्याची टर उडवत. आत्ताही गाडी सुरू करून त्यानं मान जराशी वळवली आणि विचारलं, "बसलीस?"

मग त्याचं त्यालाच हसू आलं. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी फाटक सताड उघडलं आणि बाजूला झाले.

गल्लीतल्या पहिल्याच गतिरोधकावर गाडीचा मागचा भाग दणकन खाली बसला. अजेय चरकला. दोन माणसं बसल्यावर गाडी बसते तशी बसली होती. आत्ता तर शॉकअब्सॉर्बर ठीक होता! वळणावर गाडी अलगद कलली, त्याच्या मनात यायच्या आत. मागचं माणूस सरावाचं असलं, आपल्याबरोबर कलणारं असलं, की गाडी अशी वळते. त्यानं आरशात पाहिलं. मागे रिकामा रस्ता, मेट्रोच्या खांबांमधून झिरपणारा पिवळा उजेड.

"ओ दादा!" चहाच्या टपरीवरून एक म्हातारा ओरडला. "दिदीर ओडनाटा सामलान! चाकाय जाच्छे!"

एवढं बंगाली अजेयला कळत होतं. ताईंची ओढणी सांभाळा, चाकात जातेय.

त्यानं गचकन ब्रेक दाबला. मागे वळून बघायचा धीर होईना. बघितलं तेव्हा सीट मोकळी होती. म्हाताऱ्याला वाटलं, काम झालं. तो मान डोलावून चहाकडे वळला.

अजेय परत कसा आला ते त्याचं त्यालाच ठाऊक. आयुष्यात इतका घाबरला नव्हता तो. काका फाटकाशीच उभे होते.

"काका... या गाडीवर मागे... कोण बसायचं?"

"नूपुर. आमची सून." काका हळू बोलत होते. "डोंगरात चहाला थांबले होते दोघं. हर्षदला वाटलं, बसली. न विचारताच गाडी काढली त्यानं. तिचा एक पाय अजून जमिनीवर होता... मागून ट्रक..." त्यांनी मागच्या सीटवरून हात फिरवला. "गाडी बघायला पुष्कळ येऊन गेले. 'बसलीस?' असं विचारलं कुणीच नाही. तुम्ही विचारलंत."

"आभा!" अजेयचा आवाज चिरकला. "चल, निघू या. आत्ता!"

आभा बाहेर आली. तिच्यामागून काकू, हातात कुंकवाचा करंडा घेऊन.

"गाडी नको आम्हाला," अजेय म्हणाला. "माफ करा."

"राहू दे हो गाडी," काकू शांतपणे म्हणाल्या. "तिचं काम झालं. पण सवाष्णीला तसंच कसं पाठवू?"

त्यांनी आभाच्या कपाळावर कुंकू टेकवलं. अजेयनं तिचा हात धरून ओढला. तेवढ्यात काकूंनी पुन्हा करंड्यात बोट बुडवलं.

"लावलंत की तिला..."

"तिला लावलं. हिचं राहिलं होतं. अहेव गेली हो पोर."

दुसरं बोट आभाच्याच कपाळावर टेकलं, पहिल्याच्या जरा खाली. आभा दचकली नाही. बोट पोचायच्या आधीच तिनं मान झुकवली होती.

"सांभाळून न्या," काकू डोळे पुसत अजेयला म्हणाल्या. "लांबच्या प्रवासाची फार हौस आहे तिला."

अजेयनं आभाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिनं त्याच्या हातातून आपला हात हलकेच सोडवून घेतला आणि खाली वाकून काकूंच्या पायांना हात लावला.

"येते हं, आई," ती म्हणाली.