कुणाला किती त्रास

"आईच्या आजारपणाचा तुमच्या झोपेवर किती परिणाम झालाय? अजिबात नाही, थोडा, बराच, की फार?" रुग्णालयाकडून आलेल्या मॅडमनी विचारलं, आणि ताईच्या ओठांवर आलेला शब्द तिथेच थिजला... कारण प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडची खाटेची कुरकुर थांबली होती! अंगभर खपल्या धरणाऱ्या, सांधे आखडवणाऱ्या त्या दुखण्यात आईला क्षणभर स्वस्थ पडता येत नसे. खाट गप्प झाली म्हणजे आई श्वास रोखून ऐकते आहे, हे ताईला कुणी सांगायला नको होतं. रुग्णाच्या कानावर जाईल असं विचारायचं नाही, हा मॅडमचा नियमच होता. पण धाकट्या भावाने "आई गाढ झोपलीय हो," असं ठोकून दिलं होतं.

"अजिबात नाही," ताई म्हणाली.

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बाहेर जाणं-येणं? कामधंदा? मनःस्थिती?"

"कशावरच नाही. अजिबात नाही."

कामधंदा! अहो, त्या शिवणकारखान्यात कापड बेतावं तर ताईनेच, असा तिचा लौकिक होता. आईने अंथरूण धरलं आणि लेकीने कात्री खाली ठेवली. मालकीण भली, म्हणून तिची जागा अजून राखून ठेवली होती, पण तीही सोमवारपर्यंतच. सांभाळणाऱ्याला फार त्रास होतो असं ठरलं, तर रुग्णालय दिवसभराची मदतनीस देणार होतं, आणि ती आली तरच ताईला कामावर जाता येणार होतं. एका शब्दाचा तर प्रश्न होता! पण पलीकडे कान देऊन पडलेल्या त्या जर्जर जिवाला 'तू मला भार झालीस' असं ऐकवायचं? तिच्याने ते उच्चारवेना.

धाकट्याची पाळी आली तेव्हा मात्र बांधच फुटला. "फार! अहो, फारच फार! झोप नाही, अन्न गोड लागत नाही, घरात चार मित्र आणायची सोय नाही, त्या वासाने बायको माहेरी जाऊन बसलीय. जीव नकोसा झालाय माझा!" आईच्या खोलीत हा पाऊल टाकायचा तो हरवलेला रिमोट शोधायला. पण सांगताना त्याने असा काही हुंदका दिला, की मॅडमनी त्याला आठ दिवस हवापालट करून यायचा सल्ला दिला. ताईला त्या म्हणाल्या, "सांभाळणाऱ्यालाच त्रास नसेल तर मदतनीस देता येत नाही. उद्यापर्यंत काही बदलावंसं वाटलं तर फोन करा."

त्या गेल्यावर ताई मलम घेऊन आत गेली, तर आईने तिचा हात झटकला.

"हात लावू नकोस मला! म्हणे अजिबात नाही! आई इथे कुजतेय आणि हिच्या झोपेला धक्का नाही... दगड जन्माला घातला मी, दगड! आणि ते पोरगं बघ कसं झुरतंय माझ्यासाठी. अन्न गोड लागत नाही त्याला!"

"अगं आई, तुला ऐकू जाईल म्हणूनच मी..."

"ऐकलंच की सगळं! बोलाव त्याला. त्याच्याच हातून लावून घेईन."

धाकटा आला तो नाकाला रुमाल लावून. दोन बोटांनी मलम उचललं, आईच्या पाठीकडे पाहिलं आणि उमासा आवरत बाहेर पळाला. जाताना दार ओढून घ्यायला मात्र विसरला नाही. 'दमलं असेल लेकरू,' असं म्हणत आईने दुपार कशीबशी ढकलली. मग कातडी तडकू लागली, रक्त चादरीला लागलं, तेव्हा तिने कण्हत हाक मारली, "ताई..."

ताईने मलम लावायला घेतलं आणि इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर पडलं. "फार त्रास होतो, आई! ऐक एकदाचं. मी आडवी होते तेव्हाही कान तुझ्या खाटेकडे असतात. रस्त्याने कुणी हसत गेलं तरी माझी आग आग होते. या हातांना काम हवंय गं माझ्या! कधी कधी तर वाटतं, तू एकदाची..." पुढचा शब्द तिने दाताखाली चिरडला आणि खाटेच्या कडेवर डोकं टेकून ती ढसाढसा रडली.

आता शिव्याशाप येणार, म्हणून तिने अंग चोरलं. पण आखडलेली बोटं तिच्या केसांतून फिरू लागली... आईचे डोळे वाहत होते, आणि लहानपणापासून फक्त धाकट्याच्या वाट्याला आलेलं ते वात्सल्य आज तिच्यावर ओसंडत होतं!

"माझ्यासाठी एवढं सोसतेस? वेडे, मग आधी का नाही बोललीस? मला वाटलं, मी तुझी कुणीच नाही."

ताईने डोळे पुसले आणि मोबाइल उचलून नंबर लावला.

"कुणाला गं?"

"मॅडमना. मदतनीस येईल, आई. मला कामावर जाता येईल."

आईने तिला छातीशी ओढलं. "परकी बाई? माझ्या अंगाला? आत्ता कुठे माझी लेक मला मिळाली गं... आता तुझ्याशिवाय कुणाचा हात लागू देणार नाही मी. तू गेलीस तर मी प्राण सोडीन!"

उभ्या आयुष्यात आईने तिला असं धरलं नव्हतं. ती मिठी सोडवायला काही बळ लागलं नसतं, मुठीही न वळणारे हात ते. पण ताईला ती सोडवता आली नाही.

"हॅलो," मॅडमचा आवाज आला, "बोला, उत्तर बदलायचंय का?"

"नाही, मॅडम," ताई म्हणाली, "चुकून लागला फोन."