काका अंघोळीला गेलेत

विश्वास ठेवायचा तर ठेवा. नसेल ठेवायचा तर इथेच थांबा, पुढे वाचून मला अक्कल शिकवू नका.

ही गोष्ट माझ्या सख्ख्या आतेबहिणीची आहे. अवंतीची. घर बडोद्यातलं, कारेलीबागेतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. गेल्या जुलैतल्या एका रविवारची घामट दुपार होती आणि खाली सोसायटीत पोरं क्रिकेट खेळत होती.

भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही नशीबवान आहात.

अवंती बर्लिनला फिल्म शिकते. साउंड हा तिचा विषय. लोकांना वाटतं, परदेशात फिल्म शिकते म्हणजे मजा आहे पोरीची. डोंबल मजा! सकाळी बेकरीत उभं राहून पाव विकायचे आणि उरलेला दिवस एडिटिंगच्या तळघरात काढायचा. हिवाळ्यात चारलाच काळोख. फोडणी घातली की शेजारचं दार धाडकन बंद. रविवारी तर शांतता पाळायची म्हणून वॉशिंग मशीन लावायचीही चोरी. ती सदा चिडलेली असायची.

तिला शांत करणारी गोष्ट एकच होती. रविवारी दुपारी घरी केलेला व्हिडिओ कॉल.

आणि त्या कॉलवरचे नंदूकाका.

नंदूकाका म्हणजे तिच्या बाबांचे, उन्मेषरावांचे, थोरले भाऊ. लग्न केलं नाही. रेल्वेतून रिटायर झाले आणि भावाच्या घरात मागच्या खोलीत राहिले. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. बाथरूममध्ये टॉवेल न घेता जायचं आणि मग आतून घर डोक्यावर घ्यायचं, ही रोजची रीत. अवंतीने फिल्म शिकायचं काढलं तेव्हा सगळं घर विरोधात होतं. काकांनी भरलं ताट बाजूला सारलं. म्हणाले, "पोरगी जाणार नसेल, तर मी जेवणार नाही." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी हात टेकले.

तर असे काका.

माघातल्या एका सकाळी ते घड्याळाचा पट्टा बदलायला लहरीपुऱ्यात गेले. "येतो तासाभरात" म्हणून गेले. दुकानाच्या पायरीवरच कोसळले. तिथून हॉस्पिटल, आणि हॉस्पिटलमधून परस्पर स्मशान.

घरी परत आलेच नाहीत.

आणि मग त्या घराने आपल्याकडची घरं करतात तेच केलं.

"अवंतीला आत्ता नको सांगायला," तिचे बाबा म्हणाले. "फिल्म जमा करायची आहे तिला. पोरगी सगळं टाकून पळत येईल. जुलैत घरी आली की सांगू."

माझी मोहनाआत्या, म्हणजे अवंतीची आई, हो म्हणाली.

झालं. दिवसकार्य चांदोदला नर्मदेवर गुपचूप उरकलं. भेटायला कोणी घरी यायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं. हार घातलेला फोटो कपाटात कपड्यांखाली गेला. कॉलवर चुकून दिसायला नको ना! रडायचं ते खाली बागेत जाऊन रडायचं. आम्हालासुद्धा पुण्यात तीन-चार महिन्यांनी कळलं, कारण आमच्यापैकी कोणाच्या तरी तोंडून फुटेल ही धास्ती. त्या घराच्या चार भिंतींत "नंदू गेला" हे वाक्य एकदाही कोणी उच्चारलं नाही.

एकदाही नाही. हे लक्षात ठेवा.

पहिल्या रविवारी अवंतीने विचारलं, "काका कुठेत?"

"काका अंघोळीला गेलेत," आई म्हणाली.

खोटं पचण्यासारखं होतं. रेल्वेतल्या पाळ्यांमुळे काकांच्या अंघोळीला धरबंध नव्हता. रविवारी तर दुपारची झोप काढूनच ते बादली भरायचे.

आणि अवंतीला फोनमधून ऐकू आलं...

नळ सुटल्याचा आवाज. बादली भरत होती.

मग खाकरणं. काकांचं, तेच, घसा फाटेल असं.

तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. वाटेल कशाला?

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. "काका अंघोळीला गेलेत." कधी काका झोपलेले असायचे. तेव्हा मागच्या खोलीतून घोरणं यायचं. एकदा आई म्हणाली, काका सावली गावाला मित्राकडे गेलेत. त्या दिवशी मात्र फोनमध्ये काहीच आलं नाही. घर इतकं गप्प होतं की अवंतीला करमलं नाही.

हे सगळे कॉल ती रेकॉर्ड करत होती. तिची डिप्लोमा फिल्मच तशी होती. पडद्यावर बर्लिनचे रस्ते आणि आवाज बडोद्यातल्या घराचे.

मार्चमधल्या एका कॉलवर तिला हसू आलं. "आई, अगं काका कधीचे ओरडताहेत. टॉवेल दे ना त्यांना!"

आईचा चेहरा पांढराफटक पडला.

कॉल कट झाला. मागाहून मेसेज आला, नेटवर्क गेलं होतं.

आईला काहीच ऐकू आलं नव्हतं. बाबांनाही नाही. घर शांत होतं. जे काही होतं ते फक्त फोनमधून पलीकडे जात होतं.

पलीकडे मात्र ते सगळ्यांना ऐकू येत होतं. बर्लिनमधली खालच्या मजल्यावरची म्हातारी एका रविवारी तणतणत वर आली. तुझ्या खोलीत कोण माणूस ओरडतो, म्हणाली. अवंतीने फोनचा आवाज कमी केला आणि माफी मागितली.

काका दर रविवारी जास्तच चिडत होते.

"अरे, टॉवेल!"

मग, "घरात माणसं आहेत की नाहीत?"

मग दारावर थापा. एकसारख्या.

जूनमध्ये फिल्म जमा झाली. परीक्षकांनी विचारलं, तो दाराआडचा माणूस कोण? सगळ्या फिल्ममध्ये तोच सगळ्यात जिवंत वाटतो. अवंतीने अभिमानाने सांगितलं, "माझे काका."

पण शेवटच्या रेकॉर्डिंगमधलं एक वाक्य तिने फिल्ममध्ये घेतलं नव्हतं. आईच्या बोलण्याखाली ते दबलेलं होतं. तळघरात हेडफोन लावून, आईचा आवाज खाली घेतल्यावर ते तिला नीट ऐकू आलं...

"उन्मेष, काय चुकलं रे माझं? कोणी बोलत का नाही माझ्याशी?"

ओरडणं नव्हतं. काका रडवेले झाले होते.

अवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला वाटलं, घरच्यांनी काकांशी अबोला धरलाय! ज्या माणसाने आपल्यासाठी उपास काढला, त्याला हे लोक म्हातारपणी वाळीत टाकतात? ती बडोद्याला आली ती भांडायलाच आली. अहमदाबादच्या विमानतळापासून घरापर्यंत बाबांशी धड बोलली नाही. तेही बिचारे पाऊस आणि ट्रॅफिक यांवरच बोलत राहिले.

दारातच तिने हाक मारली. "काका!"

ती मागच्या खोलीत गेली. काकांची कॉट नव्हती. तिथे आईच्या ट्यूशनचे बाक लावलेले होते.

"दीकरा, जरा बस ने," बाबा म्हणाले. "पाणी पी आधी."

मग सांगितलं. तेही नीट नाही; "गेला" हा शब्द तेव्हाही कोणाच्या तोंडून निघाला नाही. आईने कपाटातून फोटो काढून तिच्या मांडीवर ठेवला.

अवंती रडली नाही. ती हसली. तिला वाटलं चेष्टा आहे. तिने लॅपटॉप उघडून रेकॉर्डिंग लावलं.

बादली. खाकरणं. "अरे, टॉवेल!"

"मग हे कोण?" ती ओरडली. "जुना आवाज लावून शेंडी लावलीत मला?"

आई बाथरूममध्ये डोकावून आली. बाबांनी कान लॅपटॉपला लावला.

"आम्ही काही लावलं नाही," ते म्हणाले. "आम्हाला असलं काही येतं का, बेटा?"

"येतं ना! खोटं बोलायला छान येतं!"

"हळू बोल ने, अवंती," आई म्हणाली. "तुझं भणतर बगडू नये म्हणून केलं सगळं."

"माझं शिक्षण बिघडू नये म्हणून माझा माणूस परस्पर जाळलात? मी शेवटचं तोंडसुद्धा पाहायचं नाही?"

तिचं म्हणणं चुकीचं होतं का? तुम्हीच सांगा. दुःख करायचा हक्कसुद्धा आईबापांनी वाटून द्यायचा का? मला विचाराल तर मी तिच्याच बाजूची आहे.

पाच-सहा दिवस ती घरात कोणाशी बोलली नाही. बाबांनी देवाजवळ नाक घासलं, आईने तिच्या आवडीची पुरणपोळी केली. पोळी ताटात तशीच वाळली.

घरात या दिवसांत काहीही ऐकू आलं नाही. नळ नाही. खाकरणं नाही.

रविवार उजाडला. जेवणं झाल्यावर ती आईबाबांसमोर येऊन उभी राहिली.

"मला रिटेक हवाय."

शूटिंगमध्ये शॉट बिघडला की तोच पुन्हा घेतात, त्याला रिटेक म्हणतात. तिला तो फोन पुन्हा हवा होता. माघातला. जो तिला यायला हवा होता आणि आलाच नाही.

"मी खाली जाते. तिथून कॉल करते. समजा, मी बर्लिनला आहे. मी विचारेन काका कुठेत. आणि या वेळी मला खरं सांगायचं."

"असं कसं गं..." आई म्हणाली.

"जमत नसेल तर आज रात्रीच निघते मी. परत तोंड दाखवणार नाही."

ती खाली पार्किंगमध्ये गेली, बाबांच्या स्कूटरवर बसली आणि कॉल लावला. समोर पोरं खेळत होती. स्क्रीनवर डायनिंग टेबल दिसलं, आई दिसली, मागे बाबा.

"आई, काका कुठेत?"

आईचे ओठ हलले. जीभ वळली ती सवयीनेच. "काका अंघोळी..."

ती थांबली.

आणि फोनमध्ये...

नळ सुटला.

बादली भरायला लागली. तरी ती म्हणाली, "खरं सांग. काका कुठेत?"

आईच्या हातून फोन बाबांनी घेतला. त्यांचा चेहरा वाकडातिकडा झाला होता.

"अवंती... बेटा... आपला दादा गेला गं! माघात गेला. लहरीपुऱ्यात गेला. दादा गेला आपला!"

आणि बाबा त्या घरात पहिल्यांदा मोठ्याने रडले.

नळ बंद झाला.

बादलीत शेवटचे थेंब पडले. टप... टप...

मग कडी सरकल्याचा आवाज आला.

स्क्रीनवर आई आणि बाबा, दोघांच्याही माना एकदम बाथरूमकडे वळल्या. या वेळी त्यांनाही ऐकू आलं होतं.

"कोण गेलं रे, उन्मेष?"

काकांच्या आवाजात राग नव्हता. घाबरलेला आवाज होता तो.

अवंती जिने चढत वर धावली. लिफ्टची आठवणसुद्धा झाली नाही. दार उघडंच होतं. आईबाबा टेबलाला धरून उभे होते. बाथरूमचं दार किलकिलं झालं होतं, आत दिवा होता आणि फटीतून गरम पाण्याची वाफ बाहेर येत होती. साबणाचा वास येत होता.

ती दाराच्या अलीकडेच थांबली.

"अवंती आली का?" आतून आवाज आला. "अगं, कोणी मला काही सांगतच नाही. तू तरी सांग पोरी. कोण गेलं?"

आठवडाभर जी पोरगी खरं, खरं, खरं म्हणून घर हादरवत होती, तिला आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. काका, तुम्ही. एवढंच. निरोपही घेता आला असता. त्यासाठीच तर ती भांडत होती.

तिने तोंड उघडलं.

"कोणी नाही हो काका," ती म्हणाली. "तुम्ही अंघोळ करा."

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"असं होय..." काका म्हणाले. "मला उगाच घोर लागला."

दार लागलं. कडी बसली. नळ पुन्हा सुटला.

बऱ्याच वेळाने बाबांनी दार ढकललं. ते नुसतं लोटलेलं होतं. आत फरशी कोरडी. बादली उपडी. आरशावर वाफेचा मागमूस नाही.

अवंती परत बर्लिनला गेली. दर रविवारी घरी फोन करते. काकांचा विषय तिघांपैकी कोणीही काढत नाही. आईबाबांना तिने माफ केलेलं नाही. तिचा राग अजून तसाच आहे, पण तो कोणावर काढायचा हे तिला आता कळत नाही.

हे सगळं तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मीही भडकले. म्हटलं, "अगं, तूही तेच केलंस? त्यांना कोणीतरी खरं सांगायला नको का? किती दिवस तिथे अडकून राहायचं त्यांनी?"

पलीकडे तिने खोलीचं दार लावून घेतलं.

मग म्हणाली, "तू जा ना बडोद्याला. रविवारी दुपारी जा. दारासमोर उभी राहा आणि तू सांग."

आत्याचा दोनदा फोन येऊन गेला, ये म्हणून.

मी अजून गेलेले नाही.