मुकीचे दोन ठोके

हसायचं तर हसा. पण हे माझ्या सख्ख्या मावशीबाबत घडलंय, आणि मावशी थापा मारणाऱ्यातली नाही.

मावशी बोटदुरुस्तीच्या यार्डात विंच चालवायची. दुरुस्तीची बोट चाकांच्या गाड्यावर घेऊन तारेच्या दोराने उतारावरच्या रुळांवरून वर ओढायची, काम झालं की परत पाण्यात सोडायची. काका, म्हणजे मावशीचे यजमान, त्याच बोटींखाली शिरून तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे.

यार्डाचा नियम एकच. मावशीने रुळावर हातोडीचे तीन ठोके द्यायचे. खालच्याने बाहेर येऊन दोन ठोक्यांनी उत्तर द्यायचं. मगच ब्रेक सोडायचा. तोंडी हाकेवर विसंबायचं नाही.

कारण त्या किनाऱ्यावर खडपी होत्या.

खडपी म्हणजे खडकासारख्या कातडीचे, होडीएवढे ड्रॅगन. शिंपल्यांवर जगणारी गरीब जात, पण ऐकलेला आवाज हुबेहूब काढायची. एकीला मात्र सगळे 'मुकी' म्हणायचे. तिने कधी चकार शब्द काढला नाही. आदल्या वर्षी ती शिंपले खायला बोटीखाली शिरली आणि चिरडली गेली. तेव्हा विंचवर दुसराच माणूस होता. मेलेली मुकी अख्ख्या यार्डाने पाहिली. त्या दिवसापासून बाकीच्या खडपी तिथे फिरकल्याच नाहीत.

त्या संध्याकाळी दाट धुकं होतं. भरती आली होती. मावशीने तीन ठोके दिले.

उत्तर आलं... ठक. ठक.

तिचा हात ब्रेकवर गेला आणि तिथेच थांबला.

काकांचं मनगट दुखरं. त्यांचा दुसरा ठोका नेहमी हलका पडायचा. हे दोन्ही सारखे होते.

मावशीच्या मनात पाल चुकचुकली. तिने पुन्हा तीन ठोके दिले.

ठक... ठक.

या वेळी दुसरा हलका होता. कुणीतरी चूक सुधारल्यासारखा.

"अहो, बाहेर आलात ना?" न राहवून तिने विचारलं.

"आलो गं. सोड बिनधास्त."

आवाज काकांचाच. पण 'सोड' असं तोंडाने ते आजवर कधी म्हणाले नव्हते. मावशी घाबरली, तितकीच चिडलीही. ब्रेकला खीळ घालून ती धुक्यात खाली उतरली.

खरवडण्याचा आवाज येत होता...

बोटीच्या खालून.

काका रुळावर आडवे पडून काम करत होते. चाक त्यांच्या छातीपासून वीतभर लांब. तिने पाय धरून त्यांना बाहेर खेचलं.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"ठोके ऐकले नाहीत तुम्ही?"

"ऐकले की! बाहेरही आलो होतो. तूच म्हणालीस, थांबा, एक पट्टा राहिलाय, परत आत जा. तुझा आवाज, म्हणून गेलो."

मावशी यातलं काहीच म्हणाली नव्हती.

तेवढ्यात पाण्याच्या बाजूने... ठक. ठक.

काकांची हातोडी त्यांच्या कमरेला होती.

दोघांनी यार्ड सोडलं, किनाराही सोडला. पार लांब, दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. काका दारातच बसले होते. आतून मावशीने हाक मारली, "आलीस का गं? ये, चहा टाकलाय."

मी आत निघाले, तर काकांनी माझा हात घट्ट धरला.

"जाऊ नकोस," ते हळूच म्हणाले. "मावशी अजून बाजारातून आली नाही."