सहा शार्प, एक फ्लॅट

"हे लिहिलंय कुणी? सहा-सहा शार्प! माणसांनी वाजवायचं की भुतांनी?"

पाऊस चुकवायला मी चर्चच्या ओसरीवर उभी होते. शेजारी एक उंच मुलगा, कॉर्नेटचा छोटा कर्णा काखेत मारून, हातातल्या स्वरलिपीच्या कागदावर तोंडसुख घेत होता. कागद माझाच!

"मी लिहिलंय," मी म्हटलं.

त्याने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग असा काही हसला, की मला रागवायचंच सुचेना.

हा फिलिमोने, आमच्या नेयाफू गावच्या चर्चच्या बँडमधला नवा वादक. कागदावरचं भजन आमची गायकमंडळी ज्या पट्टीत गातात, त्याच पट्टीत मी ते बँडसाठी लिहिलं होतं. कॉर्नेटच्या कागदावर त्याचे सहा शार्प, म्हणजे अर्धा स्वर चढवायचे सहा सूर, होतात, तर होऊ देत की!

मग तो रोज संध्याकाळी आमच्या अंगणात यायला लागला. "लोसा, इथे काय वाजवू?" मी समजवायची, तो मान डोलवायचा... पण बघायचा माझ्याकडे. आई त्याला उकडलेला सुरण द्यायची आणि मागे म्हणायची, "पोरगा गोड आहे, पण मठ्ठ आहे गं!"

शार्पांसाठी येतो, की माझ्यासाठी? देव जाणे. माझं डोकं पार भणाणून गेलं.

त्यात बँडमास्तर विलिआमीकाका कडाडले, "सगळे अडखळतायत, लोसा! पट्टी अर्धा स्वर उतरव, एकच फ्लॅट राहील, एकच उतरता सूर. नाहीतर रविवारी जुनंच भजन वाजवू."

बँडसाठी लिहिलेलं माझं पहिलंच भजन! पण सोपं केलं, तर तो येईल कशाला? दिवसभर घोळ घातला, आणि शेवटी उतरवली पट्टी. गाणाऱ्यांनी हूं की चूं केलं नाही. बँड झरझर वाजवायला लागला, काका खूश. आणि संध्याकाळी अंगण रिकामं.

दुसऱ्या दिवशीही तेच. म्हणजे शार्पांसाठीच यायचा मेला! मला रडूच आलं.

तिसऱ्या संध्याकाळी भर पावसात फाटक वाजलं. फिलिमोने! चिंब भिजलेला, कागद शर्टात लपवलेला.

"आता काय अडलं?" मी फणकारले.

"काहीच नाही... तरी पाय इकडेच वळतात. यायला आता निमित्त नाही, म्हणून दोन दिवस फाटकावरूनच परत गेलो. माझं मलाच कळत नाहीये, लोसा. तू आवडतेस — एवढं मात्र कळतंय."

मी त्याच्या शर्टाकडे बोट दाखवलं. "मग... कागद कशाला आणलास?"

"एक फ्लॅट उरलाय ना अजून. तो नीट समजला नाही."

"खोटारडा!" मी म्हटलं, आणि ओसरीतल्या चटईवर सरकून त्याला जागा दिली.