शिरसावरचा शब्द

“वरच्यानं शब्द दिला की खालच्यानं तो परत म्हणायचा. वरचा ‘व्हय’ म्हणाला की मगच हात हलवायचा. आधी नाय.”

नूरमोहम्मद उस्तादांनी आपल्या मुलाच्या, गयासच्या हाती पहिल्यांदा दोर दिला, तेव्हा हे सांगितलं होतं. उस्ताद गेले, पण दोर हातात आला की त्यांचा आवाज कानाशी यायचाच.

एक दिवस तो आला... आणि गयासनं ऐकला नाही.

ही मनानं रचलेली गोष्ट नव्हे. हिच्यातली आवडाबाई ही माझ्या आईची सख्खी आत्या. देवापुढं दिवा लावून ती बसली होती, तेव्हा तिनं हे सगळं सांगितलं. लागल्या दिव्यासमोर आमच्या घरात कुणी खोटं बोलत नाही.

असलं काही रात्रीच घडतं असं पुष्कळांना वाटतं. इथं रात्र नाही. दोन्ही वेळा भर दुपार होती. गाव औरंगाबाद. अमदानी निजामाची. साल तेराशे पन्नास फसली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एक्केचाळीस.

गयास आणि बद्रीनाथ ही जोडी झाडं उतरवायची. घरावर आलेली, रस्त्यावर लवलेली, किडीनं पोखरलेली मोठी झाडं. कुणी ‘लाकूडतोडे’ म्हटलं की बद्री उसळायचा.

“तोडायला काय, कुणीबी तोडतंय! आम्ही उतरवतो. झाड बी जगलं पाहिजे आन् तुमचं घर बी.”

बद्री वर चढायचा, अनवाणी. चढण्याआधी कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, खोडावर ठोकायचा आणि कान लावायचा. आवाज पोकळ आला की त्या बाजूला पाय ठेवायचा नाही. मुंगळे डसायचे, ढोलीत कधी मधमाश्या निघायच्या, कधी सापही. फांदीला आधी खालून खाच, मग वरून करवत, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. काम झालं की कापल्या जागी शेणमातीचा लेप. “जखमंला औषध नको व्हय?” म्हणायचा.

गयास खाली. बद्रीच्या कमरेचा दोर वरच्या बेचक्यातून घालून खाली आलेला असायचा आणि त्याचं टोक गयासच्या हातात. बद्रीचा सगळा जीव त्या टोकाशी.

शब्द दोनच. ‘ओढ’ म्हणजे पाय सुटतोय, दोर ताण, मला तोलून धर. ‘सोड’ म्हणजे मी पुढं सरकतोय, ढील दे.

गयासच्या घरची बोली दखनी. बद्री त्याची थट्टा करत त्याच्याच बोलीत ओरडायचा, “छोड रे मियाँ, छोड! क्या बीवी समझको पकड्या?”

खालून गयास मराठीत, “सोडतो की बाबा! तुझ्या बायकोनं धरून ठेवलं नाय, मी कशाला धरू?”

दहा वर्षं अशी गेली. ‘सोड’चं ‘छोड’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

फाल्गुन सरत आला होता. बेगमपुऱ्याच्या अलीकडं नानासाहेब वकिलांचं घर होतं आणि मागं जुना शिरस, म्हणजे शिरीषाचं झाड. त्याची एक फांदी थेट कौलांवर आलेली. शिरसाला पान नव्हतं. नुसत्या वाळक्या शेंगा, हजारोंनी.

नानासाहेब ओट्यावरून म्हणाले, “कौल फुटलं तर बघा हं!”

“कौलाची काळजी करू नका,” बद्री हसला. “माझी करा जराशी.”

तो चढला. बारा वाजत आले. आणि वारं सुटलं...

शेंगा खुळखुळायला लागल्या. आधी एका फांदीच्या, मग सगळ्या झाडाच्या. जणू कुणी हजार खुळखुळे एकदम हलवत होतं. त्या आवाजात करवतही ऐकू येईना.

तेवढ्यात वरून बद्री ओरडला.

गयासला ऐकू आलं एवढंच... “ओड.”

आधीचं अक्षर शेंगांनी खाल्लं असं त्याला वाटलं.

उस्तादांचा आवाज कानाशी आला. परत म्हण. विचार.

पण वारं होतं, घाई होती आणि दहा वर्षांची सवय. गयासच्या कानानं ते अक्षर आपल्या घरच्या बोलीतलं घातलं.

छोड.

त्यानं ढील दिली.

सर्रकन दोर हातातून गेला. तळव्यांची साल निघाली.

मग शेंगा एकदम थांबल्या.

एकही कौल फुटलं नव्हतं.

माणसं धावली. नानासाहेबांनी गयासचे खांदे धरून हलवले. “काय म्हणाला होता तो? अरे, काय म्हणाला?”

“छोड बोल्या,” गयास म्हणाला. “साब, उसने छोड बोल्या.”

तेव्हा तो खोटं बोलत नव्हता. संध्याकाळी मात्र त्याला बद्रीचा पाय आठवला. ओरडण्याआधी तो पाय फांदीवर थरथरला होता. पाय थरथरणारा माणूस ‘सोड’ कशाला म्हणेल?

गयासनं कांबळ्यात तोंड खुपसलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

बद्रीचं घर फुलंब्रीच्या अलीकडच्या एका वस्तीवर होतं. सोमवारी पहाटे तो शहरात यायचा, शनिवारी परत जायचा. दहाव्याला गयास तिथं गेला आणि नदीकाठी लांब उभा राहिला.

पिंड ठेवला. कावळे आले, बाभळीवर बसले. पण एकही खाली उतरेना. लोकांनी नाना परींची वचनं दिली. म्हातारीला सांभाळू, शेत पेरू, बैल विकणार नाही.

कावळे हलले नाहीत.

शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. घराकडं परतताना मात्र कुजबुज सुरू झाली. स्वतःच ‘सोड’ म्हणाला म्हणं. जिवावर उदार झालेला दिसतोय. घरात काहीतरी असणार...

बद्रीची आई, मनकर्णाबाई, अंगणात सुनेसमोर येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही.

“काय बोलली व्हतीस गं त्याला?” एवढंच म्हणाली. “माझं लेकरू असंच दोर सोडीत नसतंय.”

आवडाबाईनं खाली मान घातली.

गयास निघाला, तेव्हा ती गोठ्याच्या आडोशाला आली. चेहरा पांढरा पडलेला. कपाळ मोकळं.

“गयासभाऊ, एक विचारते. त्या सोमवारी त्यांना निघायला उशीर झाला. भाकरी बांधून घ्या म्हटलं तर ते पोराशी खेळत बसले. मी चुलीपाशी. धूर डोळ्यात गेलेला. मी म्हणाले, ‘जा बाई एकदाचं.’ रागानं नाय हो म्हणाले. धुरानं म्हणाले. ते मनाला लावून गेले का? म्हणून ‘सोड’ म्हणाले का?”

गयासच्या तोंडाशी आलं होतं. पण मागं अंगणात बद्रीचे भाऊबंद बसले होते. दोर ज्याच्या हातात होता, तो माणूस हाच, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

“वहिनी, मला... वाऱ्यात नीट...”

“आत्ता नका सांगू,” ती हळूच म्हणाली. “पण कधी काही आठवलं, दुसरं काही म्हणाले असतील, तर येऊन सांगा. मी देवाला दिवा लावायचा बंद केलाय. माझ्या हातानं लावावा असं वाटत नाय.”

“येईन, वहिनी. आठवलं तर येऊन सांगेन.”

असं वचन देऊन तो आला. आणि गेला नाही.

चैत्र लागला. एका दुपारी गयास अंगणात बसला होता. बायको, रईसा, तांदूळ निवडत होती.

आणि त्याला ऐकू आलं... खुळखुळ.

“रईसा, ये आवाज कायका?”

“कौनसा आवाज?”

“शेंगाँ... सुन्ते नै?”

तिनं सूप खाली ठेवून आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या अंगणात झाड नव्हतं. शेजारीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीच वेळ. मग रोज. आधी एका फांदीच्या शेंगा, मग सगळ्या झाडाच्या... आणि एकदम थांबायच्या. जिथं थांबायच्या, तिथं एक शब्द येईल असं वाटायचं.

शब्द यायचा नाही.

रोज तेवढी जागा मोकळी राहायची. त्या मोकळ्या जागेलाच गयास भ्यायला लागला. त्याचं जेवण तुटलं.

वैशाखात सांडू त्याला न्यायला आला. सांडूही याच कामातला, अंगानं दांडगा.

“चल गयासभाई. घरात बसून माणूस येडा व्हतंय. शहागंजात निंब उतरवायचाय. मी वर जातो, तू दोर धर.”

“तुझं वजन मेरेसे कैसा संभाळंगा रे?”

“पोटाकडं बघू नको. फांदीला इचार, ती हाय का नाय म्हणती ते!”

दीड महिन्यानं गयास हसला. रईसानंच दोर काढून दिला.

निंब दाट होता. सांडू वर गेला, तो पाल्यात दिसेनासाच झाला. गयासनं दोर धरला. दर वेळी शब्द परत म्हणत होता. सांडू ‘व्हय’ म्हणाला की मगच हात हलवत होता.

दुपार झाली. करवत थांबली. वारं पडलेलं. पान हलत नव्हतं. रस्त्यावर माणूस नाही. कावळाही नाही.

आणि निंबावर शेंगा खुळखुळल्या...

निंबाला शेंगा नसतात.

गयासनं वर पाहिलं. हिरवा पाला, त्यात काहीच हललेलं नाही. आवाज वाढला. सगळं झाड खुळखुळायला लागलं, पान स्तब्ध.

मग थांबला.

आणि या वेळी त्या मोकळ्या जागेत शब्द आला. हळू. स्वच्छ. ओळखीचा.

“ओढ...”

दोर हातात ताणला गेला. भार आला, माणसाएवढा. सांडूचा नव्हे. दहा वर्षं तोललेलं वजन हाताला कळतं. ते थरथरत होतं. पाय सुटणाऱ्याचं वजन थरथरतं, तसं.

दोर एक वीत घसरला. पुन्हा तळवे सोलले.

“ओढ...” गयास म्हणाला. मग ओरडला, “ओढ! बद्री, ओढ!”

वरून आलं, “व्हय.”

गयासनं पाय मातीत रोवले आणि जीव खाऊन दोर ओढला. रडत ओढला. तोंडानं काय काय म्हणत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

किती वेळ, ठाऊक नाही. मग भार अलगद उतरला. माणसानं फांदीवर पाय टेकला की उतरतो, तसा.

“गयासभाई!” सांडूचा आवाज आला, घाबरलेला. “कुणाला ओढायलास?”

“तू... तूने बोल्या ना? ओढ?”

“मी कुठं बोललो? तमाखू मळीत बसलोय. दोर तर मी कमरंचा मघाच सोडला.”

गयासनं दोर खाली घेतला. टोकाचा फासा आवळलेला होता. सांडूची कमर त्यात मावली नसती. एखाद्या सडपातळ माणसाची मावली असती.

आणि तो भिजलेला होता. घामानं.

सांडू सरसर खाली आला. फासा बघून त्यानं हात मागं घेतला.

“तो ‘ओढ’ बोलला होता, सांडू. त्या दिवशी. ‘छोड’ नै. मैं सुन्या नै बराबर. परत बोल्या नै.”

सांडूनं इकडंतिकडं पाहिलं. “हे माझ्यापुढं बोललास ते बोललास. वस्तीवर जाऊन बोललास तर जित्ता येशील का? भाऊबंद हायेत त्याचे.”

गयासनं दोर गुंडाळून निंबाच्या मुळाशी ठेवला. आडावर हातपाय धुतले, तोंड धुतलं.

वर नक्की कोण होतं? बद्री असेल, तर तो आपला जीव मागायला आला होता, की बायकोवरचा आळ काढायला? आणि ते ‘व्हय’ कुणाचं? मला ठाऊक नाही. आवडाबाईलाही नव्हतं. माझ्या घरापुढच्या रस्त्यावर शिरस आहे. फाल्गुनात दुपारी त्याच्या शेंगा वाजल्या की माझी जपमाळ थांबते. मण्यावरचं बोट पुढं सरकत नाही. वाटतं, कुणी काही म्हणत असेल आणि आपण चुकीचं ऐकू.

“गयासभाई, आरं ऊन उतरू दे!” सांडूनं मागून हाक दिली.

पण गयास दिल्ली दरवाजातून बाहेर पडला होता. सोललेले हात त्यानं छातीशी धरले होते. पुढं फुलंब्रीचा रस्ता पांढरा, तापलेला आणि रिकामा होता.

चालता चालता तो एकच शब्द हळू आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत होता, पोचेपर्यंत त्याचं दुसरं काही होऊ नये म्हणून.