तळपायावरची तीट

"एक, दोन, तीन... तिघंही गाढ! आणि या चौथीचे डोळे मिटत आलेत!" इशिता कुजबुजली.

"आणि हे दोघं?" नगमाने विचारलं.

"हे टक्क जागे. एकाच्या तोंडात स्वतःचा अंगठा, दुसऱ्याच्या तोंडात माझी ओढणी!"

सोहमला हसू आवरेना. "दिवाळीच्या सुट्टीत तुमाले दुसरं काम नाही भेटलं का? लेकरं मोजून राहिल्या!"

"तू गप रे! काहीतरी विचित्र आहे इथे," इशिता म्हणाली.

इशिता अमरावतीहून वरूडला पंजाबमामांकडे आली होती. सोहम मामांचा मुलगा, आणि नगमा त्याच्याच वर्गातली, शेजारच्या घरातली. तिघं मिळून दिवसभर मामांच्या संत्र्याच्या शेडमध्ये उंडारत. आंबिया बहाराच्या फळांची तोडणी ऐन भरात होती. फिरत्या पट्ट्यावरून संत्री घरंगळत यायची आणि तीसेक बाया दोन्ही बाजूंना उभ्या राहून ती निवडायच्या. त्यातल्या काही मेळघाटातल्या धारणीकडून आलेल्या. त्यांची तान्ही मुलं शेडच्या मागच्या कोपऱ्यात, लुगड्यांच्या झोळ्यांमध्ये. त्यांना सांभाळायला ताराकाकू. खरं तर ती इशिताची मोठी मामी, पण अख्खी शेड तिला ताराकाकूच म्हणायची.

"आपल्या शेडमधी लेकरू रडत नाही!" असं मामा व्यापाऱ्यांना मोठ्या कौतुकाने सांगायचे. इशिताला नेमकं तेच खटकलं होतं. तिच्या अमरावतीच्या घरी सहा महिन्यांचा भाऊ होता, आणि तो एकटाच अख्खी गल्ली उठवायचा.

"बघ," ती नगमाला म्हणाली, "या चौघांच्या डाव्या तळपायाला काजळाची तीट आहे. जाग्या दोघांना नाही."

"तळपायाला? काकू म्हणते नजर लागू नये म्हणून. पण तळपाय बघायला कोण येतं?"

ते खरंच होतं. इशिताने चौथ्या झोळीतल्या रंगीचा इवलासा पाय हातात घेतला. रंगी सोमतीची मुलगी, आठ महिन्यांची, गालाला खळी पडणारी. इशिताने ओला रुमाल तिच्या तळपायावर फिरवला. तीट पार पुसली गेली. "काजळच आहे," ती निराश होऊन म्हणाली.

तेवढ्यात ताराकाकू पिशवी घेऊन आली. "सोहम, बाजारात चालली मी. ज्याच्या पायाले तीट नाही, त्याले या वाटीतली घुटी चमचाभर पाज, अन् मंग तीट लाव. समजलं का?"

"समजलं काकू!"

दोघी मुली शेडच्या मागे सटकल्या. तिथल्या उकिरड्यावर संत्र्यांच्या सालींत नगमाला काहीतरी दिसलं. लिंबाएवढं, वाळलेलं, पोकळ, डोक्यावर छोटासा मुकुट असलेलं एक बोंड. अंगावर उभ्या चिरा, आणि पाण्यात भिजून फुगल्यासारखं झालेलं.

"अरे, हे तर दादांच्या छाप्यातलं!" नगमा ओरडली.

नगमाचे आजोबा नासिरदादा चादरींवर उमटवायचे लाकडी छापे कोरत. दोघी धावतच त्यांच्या ओट्यावर गेल्या. दादांच्या पुढ्यात सागाचा ठोकळा होता आणि त्यावर चार पाकळ्यांचं फूल, मान टाकलेली कळी आणि तेच मुकुटवालं बोंड अर्धवट कोरलेलं.

बोंड पाहताच दादांनी पटाशी खाली ठेवली.

"कुठे मिळालं हे, बेटा?"

"शेडमागे. एवढंसं काय ते, दादा?"

"एवढंसं नाही. हे खसखशीचं बोंड. या फुलाचा बुटा चादरींवर कोरतात, बागांच्या भिंतींवर कोरतात, आणि कबरींच्या दगडांवरही. माझे उस्ताद म्हणायचे, हे झोपेचं फूल आहे, म्हणून कबरीवर शोभतं." दादांनी बोंडावरच्या चिरांवरून अंगठा फिरवला. "आत दाणे असतात ती खसखस. ती आपण अनरशाला लावतो, तिने काही होत नाही. पण या टरफलाला चिरा मारल्या की चीक येतो. तो चीक म्हणजे अफू. चीक काढून घेतला तरी टरफलात थोडी उरतेच."

"मग हे पाण्यात कशाला भिजवलंय?"

"पूर्वी बाया कामाला जाताना तान्ह्या मुलांना हे पाणी चाटवायच्या. मूल निजून राहायचं. कितीतरी मुलं मग उठलीच नाहीत, बेटा."

इशिताला एकदम सगळं उमगलं. घुटी! तीट म्हणजे नजरेची खूण नव्हतीच! कोणाला पाजून झालं, याची ती काकूची खूण होती! आणि रंगीची खूण आपण स्वतः पुसून आलो!

"दादा, स्कूटर काढा! लवकर!"

दोघी शेडमध्ये पोहोचल्या तेव्हा सोहम बोटाला लागलेलं काजळ पुसत होता.

"तू रंगीला घुटी दिलीस?"

"हो, मघाशीच, तुम्ही गेल्या गेल्या. तिच्या पायाले तीट नव्हती ना! कुरकुरून राहिली होती, घटाघटा प्याली. त्या दोघांयनं तं थुंकूनच टाकली. काहून, काय झालं?"

इशिताने रंगीला उचललं. मान लुळी पडली. गालाला टिचकी मारली, पाय हलवला, तरी डोळे उघडेनात. शाळेत स्काउट-गाईडमध्ये श्वास मोजायला शिकवलं होतं. तिने घड्याळाकडे पाहत रंगीच्या पोटावर हात ठेवला. पूर्ण मिनिटभरात अकराच! घरी ती भावाचे श्वास मोजायची, ते कधी तिसाच्या खाली आले नव्हते.

"मामा! रंगी उठत नाहीये! हिला अफूचं पाणी दिलंय, दोनदा!"

पंजाबमामांचा चेहरा उतरला. बाजारातून नुकतीच परतलेली ताराकाकू मागे येऊन उभी होती. "साधी घुटी हाय ती," ती म्हणाली. "माह्या माहेरून बोंडं आणतो. माळव्यात सगळेच देतात."

मामांनी खालच्या आवाजात विचारलं, "वहिनी, ते बोंडं घरात ठेवाले बी बंदी हाय, ठाऊक हाय ना? फेका ते पाणी. बोंडांचा डबा चुलीत टाका. अन् इशिता, तू ओरडू नको. झोपू दे तिले, घंटाभरात उठते. गाडी भरून होऊ दे, मंग पाहू."

ताराकाकूने वाटी मोरीत रिती केली. डबाही चुलीत गेला. मोठी माणसं अशी वागू शकतात? इशिताला रडूच आलं. पण रडायला वेळ नव्हता. सोमती पट्ट्याच्या पार त्या टोकाला उभी होती आणि यंत्राच्या घरघरीत काही ऐकू जाणं शक्य नव्हतं.

इशिता धावली आणि खांबावरचं लाल बटण तिने तळहाताने दाबलं. पट्टा थांबला. शेडमध्ये एकदम शांतता पसरली आणि तीस चेहरे वर झाले.

"सोमतीताई! रंगी उठत नाहीये! दवाखान्यात चला!"

सोमतीच्या हातातली संत्री खाली पडली. आता मामांना काहीच लपवता येणार नव्हतं. नासिरदादांनी स्कूटर दारातच चालू ठेवली होती. सोमती बाळाला घेऊन मागे बसली आणि स्कूटर भरधाव निघाली. वाटेत थांबू नका, श्वास बघत राहा, असं इशिता मागून ओरडत होती. मामांनी भरत आलेल्या गाडीकडे एकदा पाहिलं. मग जीपची किल्ली काढून म्हणाले, "बसा सगळे."

सरकारी दवाखान्यात डॉक्टर धर्मपाल वानखडे रंगीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहत होते. "बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. काय दिलं हिला?"

ताराकाकू भिंतीकडे पाहत म्हणाली, "साधी घुटी."

"कशाची?"

नगमाने मूठ उघडून ते भिजलेलं बोंड टेबलावर ठेवलं.

"मी दुसऱ्यांदा पाजली," सोहम हुंदके देत म्हणाला. "मले ठाऊकच नव्हतं, डॉक्टरसाहेब!"

"त्याची चूक नाही," इशिता म्हणाली. "तिच्या पायाची खूण मी पुसली होती."

"रडू नंतर. आता कळलं ना, तेवढं पुरे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं आणि ऑक्सिजनचा छोटा मास्क रंगीच्या तोंडावर धरला. सोमती लेकीचा पाय घट्ट धरून उभी होती. मिनिटं सरता सरत नव्हती. इशिता श्वास मोजत राहिली. बारा. चौदा. एकोणीस.

आणि रंगी रडली! आधी बारीक, मग असं भोकाड पसरलं की बाहेरच्या रांगेतली माणसं डोकावून पाहू लागली. सोमतीने तोंडाला पदर लावला.

"आणखी उशीर झाला असता तर माझ्या हातात काही उरलं नसतं," डॉक्टर म्हणाले. "पोरांनो, शाब्बास! बोंड आणलंत म्हणून मला अंदाज लावत बसावं लागलं नाही. इंजेक्शनचा असर उतरतो, म्हणून हिला आज इथेच ठेवतो. बाकीच्या मुलांनाही आत्ता इथे आणा. आणि पंजाबराव, मला हे पोलिसांना कळवावं लागेल."

"कळवा," मामा म्हणाले. "शेड माही हाय. सही मी करतो." मग इशिताकडे वळून हळूच बोलले, "तू पट्टा थांबवला तवा मले लय राग आला होता, पोरी. तो थांबवणं माहं काम होतं. तू केलं."

तेवढ्यात ताराकाकू पुढे आली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"डॉक्टर, एक विचारू? माहा पयला पोरगा दीड महिन्याचा होता. माहेरीच होती मी. मायनं त्याले रोज हेच पाणी पाजलं. एका सकाळी तो उठलाच नाही. सगळे म्हणले, देवानं नेला." ती थांबली. "देवानंच नेला ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला. "ताराबाई, आता ते कोणीच खात्रीने सांगू शकणार नाही. पण असं होऊ शकतं."

काकू तिथेच फरशीवर बसली. इशिताला तिचा भयंकर राग आला होता आणि तरीही ती तिच्या शेजारी जाऊन बसली.

बाकीची मुलं संध्याकाळपर्यंत हात-पाय झाडत उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा सुरू होण्याआधी ताराकाकू शेडच्या मध्यभागी उभी राहिली. पोलीस येणार होते, हे तिला ठाऊक होतं. तिने सगळं सांगितलं. बोंडांचं, तिटेचं, रंगीचं आणि शेवटी आपल्या मुलाचंही. "माह्यासारखं कोनी करू नका," ती म्हणाली. "लेकरू रडलं तं त्याले जवळ घ्या."

मागच्या रांगेतली एक तरुण बाई पुढे आली. तिने पदराची गाठ सोडली आणि कागदाची एक काळपट पुडी काकूसमोर जमिनीवर ठेवली. तिच्या मागून दुसरी आली. मग तिसरी.

इशिताला वाटलं होतं, तो एकच डबा होता.